साठीनंतर किती वर्षे उडावे? एका निवृत्त कॅप्टनचे उत्तर

आपण विचारले आहे त्याचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले वय ५९ आहे, एअरबस ३२० विमानावर आपण १४ वर्षे कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, आहात, मेडिकल, म्हणजे परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी, आजवर एकदाही अडलेले नाही, आणि कंपनीने साठीनंतर ५ वर्षांचा करार देऊ केला आहे. मुलीच्या परदेशातील शिक्षणाची आणखी २ वर्षे बाकी आहेत. वहिनींचे म्हणणे आहे की आता पुरे. साठीलाच थांबावे की ६५ पर्यंत उडावे, असा आपला प्रश्न आहे.

मी स्वतः ६३ व्या वर्षी थांबलो. त्याआधीची १२ वर्षे नेहमीच्या उड्डाणांबरोबर सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये, इतर कमांडरांच्या चाचण्या घेत होतो, त्यामुळे साठीच्या आसपासचे बरेच सहकारी अगदी जवळून पाहता आले. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्यासमोरचा प्रश्न साठ की पासष्ट यापेक्षा निराळा आहे. शेवटच्या उड्डाणाची तारीख कोणीतरी ठरवणारच असते. ती कायदा ठरवेल, मेडिकल बोर्ड ठरवेल, सिम्युलेटरवरचा परीक्षक ठरवेल किंवा आपण स्वतः ठरवाल. आपण ठरवायची असेल तर ती इतर तिघांच्या आधी, आणि बरीच आधी, ठरवावी लागते.

कायद्याचा आकडा हा शरीराविषयीचा निष्कर्ष नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. अमेरिकेत १९६० पासून प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकांना ६० ची मर्यादा होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, २००६ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय मर्यादा ६५ केली, पण दोघांपैकी दुसरा वैमानिक साठीच्या आतला असावा अशी अट घातली, आणि २०१४ मध्ये ती अटही काढून टाकली. अमेरिकेने २००७ च्या डिसेंबरात ६५ स्वीकारले. पुढे तेथे ६७ करण्याचा प्रयत्न झाला, परंतु २०२४ च्या कायद्यात ६५ च कायम राहिले. आपल्याकडेही ६५ वा वाढदिवस उजाडला की व्यावसायिक प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिक म्हणून बसता येत नाही. मर्यादा पुढेमागे वाढेल या भरवशावर हिशेब मांडू नये, आणि कायदा परवानगी देतो म्हणजे आपण तिथपर्यंत उडण्यास योग्य असू असेही गृहीत धरू नये.

दोन उदाहरणे मी नेहमी देतो. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे नियंत्रणयंत्रणा पूर्णपणे निकामी झालेले डीसी-१० विमान केवळ इंजिनांची शक्ती कमीजास्त करून धावपट्टीपर्यंत आणणारे कॅप्टन अल हेन्स तेव्हा ५७ वर्षांचे होते. विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, साठ पूर्ण होताच तेव्हाच्या नियमानुसार त्यांना थांबावे लागले. १५ जानेवारी २००९ रोजी हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांना सुखरूप आणणारे कॅप्टन सलेनबर्गर हेही ५७ वर्षांचेच होते. त्यांना ६५ पर्यंतची वाट मोकळी होती, तरी २०१० मध्ये, ५९ व्या वर्षी, ते आपणहून निवृत्त झाले. एकाला नियमाने थांबवले, दुसऱ्याने स्वतः ठरवले. दोघांच्या हातातील कौशल्याविषयी मात्र कोणी शंका घेणार नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख फार थोडा आहे. आपण दिवसा चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, करता की रात्री आखाती देशांत जाऊन पहाटे परतता, यावर माझे उत्तर बरेच बदलेल. आपला बेस घराच्या गावीच आहे की ड्युटीसाठी आधी दुसऱ्या शहरात जावे लागते, हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या विमानांवर लांब पल्ल्याची उड्डाणे करणाऱ्याला महिन्याला मोजकीच लँडिंग मिळतात आणि झोपेचे घड्याळ सतत सरकत राहते. ३२० वरच्या माणसाला लँडिंग भरपूर मिळतात, हात सरावात राहतो, पण पहाटे तीनला उठण्याचे दिवसही तितकेच येतात. दोन्हींत वय जाणवते, मात्र वेगवेगळ्या जागी. शिवाय झोप ज्याची त्याची असते. पंचविशीतही रात्रीची ड्युटी न सोसणारे वैमानिक मी पाहिले आहेत आणि ६४ व्या वर्षी पहाटेच्या अ‍ॅप्रोचला पूर्ण ताजेतवाने असणारा एक सहकारीही पाहिला आहे. तो ६५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत उडाला आणि त्याने तसे करणे अगदी योग्य होते.

वय वैमानिकाच्या कामात नेमके कोठे शिरते, याविषयी मात्र मी अधिक ठामपणे बोलू शकतो. बहुतेकांना भीती असते ती हाताची: लँडिंग बिघडेल, प्रतिक्रिया मंदावेल. परीक्षकाच्या खुर्चीतून मला तसे क्वचितच दिसले. टेकऑफच्या ऐन वेळी इंजिन बंद पाडले तरी साठीचा कमांडर विमान रेषेवर ठेवतो, कारण ती कृती त्याने शेकडो वेळा केलेली असते. आम्ही ज्याला कपॅसिटी म्हणतो, म्हणजे हातातले काम करून उरलेले लक्ष, ते आधी आटू लागते. त्या चाचणीतच पुढचा टप्पा असा असे: मुंबईला धावपट्टी बंद, अहमदाबादला पार्किंग नाही, इंधन आणखी चाळीस मिनिटांचे, केबिनमध्ये एक प्रवासी बेशुद्ध, आणि हे सर्व पाच मिनिटांत एकामागून एक येते. एकसष्टीचे एक अत्यंत अनुभवी कमांडर इंजिनाचा बिघाड उत्तम हाताळून गेले आणि येथे एकाच गोष्टीला धरून बसले. अहमदाबादचा कंट्रोलर जागा देईल का, हे त्यांनी तीनदा विचारले, आणि इंधनाकडे प्रथम लक्ष गेले ते फर्स्ट ऑफिसरचे, म्हणजे सहवैमानिकाचे. चाचणीत ते उत्तीर्णच झाले. परंतु नंतर चहा घेताना ते स्वतः म्हणाले, “पूर्वी हे सगळं एकदम दिसायचं रे, आता एक एक दिसतं.” इतक्या नेमक्या शब्दांत ही गोष्ट मी नंतर कोणाकडून ऐकली नाही.

माझ्या बाबतीत ही जाणीव ऑगस्टमधल्या एका पहाटे झाली. मस्कतहून मुंबईला येत होतो, पावणेपाचचा सुमार होता आणि खाली सरी कोसळत होत्या. विमान मी चालवत होतो. कंट्रोलरने पाच हजार फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी दिली, फर्स्ट ऑफिसरने रेडिओवर ती बरोबर वाचून दाखवली, आणि माझ्या हाताने उंचीची चकती फिरवून सहा हजारांवर आणली. समोरच्या पडद्यावर निळा आकडा उमटला आणि मी शांतपणे तो उच्चारलाही, “सिक्स थाउजंड ब्लू.” उजवीकडून लगेच आवाज आला, “कॅप्टन, क्लिअर्ड फाइव्ह थाउजंड.” चकती फिरवून आकडा दुरुस्त करायला दोन सेकंद लागले. विमान हजार फूट वरच राहिले असते, त्यामुळे धोका असा काही नव्हता, आणि कोणत्याही वयाचा वैमानिक अशी चूक करतो, म्हणून तर कॉकपिटमध्ये दोघे असतात. मला जे खटकले ते वेगळेच होते. सहा हजार हा आकडा मी डोळ्यांनी पाहिला, तोंडाने म्हटला, आणि तरीही मला काहीही चुकल्यासारखे वाटले नव्हते.

त्या दिवसापासून मी एक छोटी वही ठेवली, आणि आपणही ती ठेवावी असा माझा आग्रह आहे. प्रत्येक ड्युटीनंतर हॉटेलात किंवा घरी पोहोचताच तीन नोंदी करायच्या: कंट्रोलरला किती वेळा पुन्हा सांगायला लावले, फर्स्ट ऑफिसरने किती वेळा चूक दाखवली, आणि रात्रीच्या ड्युटीनंतर पूर्ववत वाटायला किती दिवस लागले. तीन महिन्यांनी वही वाचली तेव्हा दिवसाच्या उड्डाणांची पाने जवळजवळ कोरी होती आणि पहाटे दोन ते सहा या वेळेतल्या कामाची पाने भरलेली होती. शरीराची जागरूकता याच चार तासांत सर्वांत खाली गेलेली असते हे आम्ही पुस्तकात शिकलोच होतो, पण माझ्या बाबतीत ती किती खाली जाते आणि वर यायला किती वेळ घेते हे त्या वहीने दाखवले. पन्नाशीत एका रात्रीच्या झोपेत भरून निघणारी थकावट आता तिसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळत होती. आपल्याकडे नव्या ड्युटीनियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आहे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घातली आहे. हे फार चांगले झाले, परंतु नियम सरासरी माणसासाठी असतो आणि वही आपल्या स्वतःसाठी असते.

मेडिकलविषयी आपण ‘एकदाही अडलेले नाही’ असे लिहिले आहे, त्यावर फार विसंबू नका. साठीनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी होते, आणि रक्तदाब, साखर, ट्रेडमिलवरचा ईसीजी, श्रवणचाचणी यांपैकी कोठेही एक आकडा हलला की ‘तात्पुरते अनफिट’ हा शिक्का बसू शकतो. तो उठवायला तज्ज्ञांचे अहवाल आणि प्रसंगी दिल्ली किंवा बंगळूरला हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रातली खास तपासणी असा प्रवास करावा लागतो, आणि त्यात महिने जातात. माझा एक जिवलग मित्र एकसष्टाव्या वर्षी असा थांबला. मंगळवारी नागपूरहून परत आला, बॅग नेहमीप्रमाणे दाराशी ठेवली, गुरुवारी तपासणीला गेला, आणि पुन्हा कॉकपिटमध्ये बसलाच नाही. नागपूरचे ते लँडिंग आपले शेवटचे होते हे त्याला उतरताना ठाऊक नव्हते. आज इतक्या वर्षांनीही तो त्या लँडिंगविषयी बोलतो, ते कसे झाले होते ते आठवत नाही म्हणून हळहळतो. आणि येथे एक विनंती कळकळीने करतो: मेडिकल टिकवण्यासाठी कोणतेही औषध किंवा त्रास डॉक्टरांपासून लपवू नका. ज्या दिवशी लपवावेसे वाटेल तो दिवस थांबण्याचाच आहे असे समजा.

आता पैशाकडे वळतो, कारण बहुतेकांचा निर्णय येथेच अडतो. कमांडरचा पगार अखेरच्या वर्षांत सर्वांत मोठा असतो, त्यामुळे एक एक वर्ष पुढे ढकलण्याचा मोह स्वाभाविक आहे. मी सहकाऱ्यांना एकच हिशेब करायला सांगत असे: उद्या सकाळी मेडिकल गेले तर घर आहे तसे किती वर्षे चालेल? उत्तर समाधानकारक नसेल तर उडणे चालू ठेवावे, पण खर्च आजपासून निवृत्तासारखा करावा आणि उरलेला सगळा पैसा बाजूला टाकावा. तुमच्या बाबतीत मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षे हा खरा, मोजता येण्याजोगा आकडा आहे. ‘आणखी थोडे साठवू’ हा आकडा नव्हे, त्याला अंत नसतो. ग्रॅच्युइटीची कायदेशीर कमाल रक्कम २० लाख आहे, त्यामुळे आपल्या पगाराच्या मानाने ती फार मोठा आधार नाही. परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा आपल्याकडे असेल तर त्याची अटींची पाने आजच वाचा, कारण अनेक पॉलिसींत वाढत्या वयाबरोबर रक्कम घटत जाते. आणि आरोग्यविमा ही बाब तर हमखास विसरली जाते. कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून स्वतःची आणि वहिनींची वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच, या वर्षीच, घ्यावी.

येथवरचे एकत्र करून सांगायचे तर तीन गोष्टी पाहायच्या आहेत: वहीत काय दिसते, मेडिकल किती काठावर आहे, आणि मुलीच्या शिक्षणानंतर घर पगाराविना चालते का. चौथी गोष्ट कागदाची आहे आणि ती या तिन्हींना बांधून टाकते. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, २०१७ च्या नियमानुसार कमांडरला राजीनाम्याची सूचना एक वर्ष आधी द्यावी लागते. म्हणजे आज थकवा असह्य झाला तर आपण थांबणार पुढच्या वर्षी, आणि मधले सगळे वर्ष त्याच थकव्यात तेच रोस्टर, म्हणजे ड्युटीचे तेच वेळापत्रक, उडवणार. याच कारणासाठी मी सर्वांना सांगतो की थांबण्याची इच्छा होण्याची वाट पाहू नये, ती होण्याआधीच तारीख ठरवावी. पाच वर्षांचा करार देऊ केला आहे म्हणून तो तसाच घेतला पाहिजे असे नाही. दोन वर्षांचा, पुढे उभयपक्षी वाढवता येण्याजोगा करार मागा. रात्रीची उड्डाणे कमी असलेले किंवा महिन्यातील ठरावीक दिवसांचेच काम काही कंपन्या देतात, पगार त्या प्रमाणात कमी होतो. साठीनंतर हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटला आहे. सही करण्याआधी जे मागाल ते मिळण्याची शक्यता असते, सहीनंतर रोस्टर विभागाला विनंत्या करत बसावे लागते.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आमच्या घरचे लोक आमची थकावट आमच्या आधी ओळखतात. मी वही ठेवली खरी, पण पत्नीने त्याच्या सहा महिने आधीच मला म्हटले होते, “नाइट करून आलास की तू दोन दिवस ऐकतच नाहीस.” मी ते रागाचे बोलणे समजलो होतो. ते निरीक्षण होते. वहिनींना ‘पुरे’ का वाटते ते स्वस्थपणे विचारा. त्या एकटेपणाला कंटाळल्या असतील, तर त्याचे उत्तर कमी दिवसांचा करार हे असू शकते. आपल्यात काही बदल झालेला त्यांना दिसत असेल, तर तो नेमका कोणता ते ऐकून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुसरीही बाजू आहे: तीस वर्षे आपल्या रोस्टरभोवती घर त्यांनी एकट्यांनी उभे केले आहे, तेथे आपण अचानक तिन्ही त्रिकाळ हजर झालात तर त्यांचीही घडी विस्कटेल. याविषयी आधीच बोलून ठेवलेले बरे.

थांबल्यानंतर काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो मनात असतोच. सिम्युलेटरवर प्रशिक्षक म्हणून काम करता येते, आणि ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याच्यासाठी ते समाधानाचे काम आहे. धुळे, बारामती, शिरपूर, गोंदिया येथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, आणि हवामानशास्त्र किंवा नेव्हिगेशन अनुभवातून शिकवणारा माणूस तेथील मुलांना हवाच असतो. ही दारे परवाना चालू असताना ठोठवावीत. मी शेवटच्या वर्षातच महिन्यातून दोनदा वर्ग घ्यायला लागलो होतो, त्यामुळे निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार मला रिकामा गेला नाही.

आता आपल्याविषयी माझे मत. आपण लिहिलेल्या गोष्टी जशाच्या तशा धरल्या, तर साठीलाच थांबण्याचे कारण मला दिसत नाही आणि पाच वर्षांचा करार आजच घेण्याचेही दिसत नाही. दोन वर्षांचा करार घ्यावा, त्यात रात्रीचे काम कमी करून मागावे, आणि मुलीचे शिक्षण संपते त्या सुमाराची, म्हणजे ६२ च्या आसपासची, तारीख आजच कॅलेंडरवर लिहावी. शक्यतो ती दिवाळीनंतरची असू द्या. पावसाळ्याचे चार महिने संपलेले असतात, हवा स्वच्छ असते, आणि आपल्या शेवटच्या सेक्टरला घरची माणसे विमानात बसवता येतात. माझे शेवटचे उड्डाण नोव्हेंबरात, दिल्लीहून पुण्याला, दुपारचे होते. पत्नी आणि मुलगा पहिल्या रांगेत होते. लोहगावची धावपट्टी दहा मैलांवरून समोर स्पष्ट दिसत होती, वारा जवळजवळ नव्हता, आणि उतरून गेटपाशी थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावताना हे शेवटचे आहे हे मला माहीत होते. मी तो जरा सावकाश लावला.

त्या तारखेआधी १८ महिने वही पुन्हा उघडा. पाने कोरी असतील, मेडिकल निर्धास्त असेल आणि वहिनींचीही हरकत नसेल, तर वर्षभर पुढे जा आणि नवी तारीख लिहा. पाने भरत असतील तर सूचनेचे पत्र त्याच आठवड्यात द्या. करार सही करण्यापूर्वी त्याचा मसुदा मिळाला की नोटीस, रात्रीच्या ड्युटी आणि मुदतवाढ या तीन कलमांचा मजकूर, कंपनीचे नाव वगळून, येथे लिहा. मी वाचून काय बदलून मागावे ते कळवीन.